रेघा तिच्या, रंग माझे

माझी धाकटी बहीण नकाशे काढते आणि मी ते रंगवते. हे नकाशे खऱ्या जागांचे नाहीत. जिथे कुणी कधी गेलं नाही आणि जाणारही नाही, अशा एका देशाचे आहेत. आम्ही दोघी पन्नाशीला टेकलेल्या बायका. मी पनवेलला बाजाराच्या मागे राहते, ती रोडपालीला एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये. रविवारी दुपारची जेवणं आटोपली की मी बस पकडून तिच्याकडे जाते, ती केवळ या कामासाठी. घरी विचारलं तर 'बहिणीकडे चाललेय' एवढंच सांगते. त्यापुढचं कुणाला समजावत बसायचं?

गेल्या वर्षी या कामात तिसरी बाई घुसली. 'घुसली' हा माझा शब्द, बहीण म्हणते 'आली'. त्या बाईवर मी जितकी जळले तितकी आयुष्यात कुणावर जळले नाही. ना वर्गातल्या पहिल्या नंबरावर, ना जावेच्या बंगल्यावर. हे सरळ सांगून टाकते, कारण पुढे ते लपणार नाहीच.

आधी देशाबद्दल. आमचे वडील बाजारातल्या एका छापखान्यात कामाला होते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं कापून झाली की कागदाच्या कडा उरायच्या, वीतभर रुंद आणि हातभर लांब. त्या पिशवीत घालून ते घरी आणायचे. चौकोनी कागद हातात आला की मूल घर काढतं, डोंगर काढतं. लांबलचक पट्टीवर काय काढणार? बहिणीने किनारा काढला. वरून खालपर्यंत एक वाकडीतिकडी रेघ, डावीकडे समुद्र, उजवीकडे जमीन, शाळेच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा होता तसं. पट्टी संपली की खाली दुसरी ठेवायची आणि रेघ पुढे न्यायची. असा आमचा देश लांबत गेला. त्याला नाव द्यायचं राहूनच गेलं. आम्ही नुसतं 'तिकडे' म्हणायचो. 'तिकडे जायचं?' असं तिने विचारलं की मी कंपासपेटी काढायची.

कामाची वाटणी कुणी केली नाही, ती झाली. बहिणीचा हात कागदावर टेकला की खाड्या, भुशिरं, बेटं पडत जायची. माझी रेघ फूटपट्टीने मारली तरी थंडीत कुडकुडल्यासारखी दिसायची. उलट तिला रंगवायला दिलं की दोन मिनिटांत कंटाळा आणि सगळा रंग रेघेबाहेर. मी मात्र तासन्‌तास बसायची. ब्लेडने रंगीत पेन्सिलीचं टोक खरवडायचं, भुकटी पाडायची आणि ती कापसाच्या बोळ्याने कागदावर चोळायची. किनाऱ्यालगत दाबून, पुढे हलकं, आणखी पुढे नुसता भास. भूगोलाच्या वहीत सगळ्याच मुली असं करायच्या, पण माझ्यासारखा समुद्र कुणाचा होत नसे. 'ताई, तुझ्या समुद्रात बोट घातलं तर ओलं होईल,' असं बहीण एकदा म्हणाली होती. त्यानंतर मला कुणी कशाबद्दलही शाबासकी दिली नसती तरी चाललं असतं.

रेघा तिच्या, रंग माझे. गावांची नावं तेवढी दोघींनी मिळून ठेवायची आणि ठेवताना पोट धरून हसायचं. उशीवाडी, दुपारगाव, काकूचं बेट. काकूचं बेट गोल होतं आणि सगळ्यांपासून लांब होतं, कारण आमची काकूही तशीच होती.

मग लग्नं झाली, मुलं झाली, आणि बरीच वर्षं तिकडे कुणी गेलं नाही. बहीण रोडपालीला राहायला आली, तिचा मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, आणि एक दिवस फोनवर म्हणाली, "ताई, मी किनारा पुढे नेलाय. रंगवायला ये." मी दुसऱ्याच दिवशी गेले. जाड ड्रॉइंग पेपर आणून तिने मुद्दाम त्याच्या पट्ट्या कापल्या होत्या. आता अख्खा कागद वापरता आला असता, पण देश पट्टीचाच राहिला. तिच्या जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची खुर्ची माझी झाली. ऑफिसात मी लोकांचे अर्ज तपासते, घरी सगळ्यांच्या जेवणाखाण्याच्या वेळा सांभाळते. ती कामं मी नसले तरी कुणीही करेल. त्या खुर्चीत बसून मी जे करत होते ते माझ्यावाचून अडत होतं. अशी माझी जगात एकच जागा होती.

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि काही रविवार मला बाहेर पडता आलं नाही. "घाई नाही, सावकाश ये," बहीण म्हणाली. तिच्या आवाजात घाई नव्हती हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मी गेले तेव्हा टेबलावर एक पट्टी होती, रंगवलेली. भुकटी नव्हे, पाण्याचे रंग. डोंगरावर तीन हिरवे होते आणि कुठला कुठे संपला ते सापडत नव्हतं. पायथ्याशी भाताच्या खाचरांचा पोपटी, मधून नदी आणि नदीच्या कडेला ओली माती. पाऊस ओसरल्यावर पनवेलजवळ नेऱ्याकडे डोंगर जसे दिसतात, अगदी तसे ते दिसत होते. मी पर्स खांद्यावरून न काढताच उभी राहिले.

"कुणी केलं हे?"

"अगं, समोरच्या वहिनींनी. डब्याचं झाकण द्यायला आल्या होत्या, पट्टी बघितली आणि म्हणाल्या, मी करू का? छान झालंय ना?"

"आणि तू दिलीस?"

"तू नव्हतीस ना," बहीण म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.

"सुरेख झालंय," मी मागून ओरडले. तोंडदेखलं म्हणताना आवाज किती गोड निघतो! 'तू नव्हतीस ना' हे वाक्य मी घरी जाईपर्यंत मनात घोळवत होते. नव्हते, म्हणून काय झालं? मी नसताना पट्टी थांबायला हवी होती.

या समोरच्या वहिनी घरून केक करून विकतात. वाढदिवसाचे, बारशाचे, हल्ली हळदीलाही केक कापतात त्याचे. माहेर उरणकडचं. एकेकाळी त्यांच्या घरची मिठागरं होती, आता नवऱ्याच्या नावावर बिल्डिंग आहे. गळ्यात ठसठशीत सोनं आणि हसू लिफ्टपर्यंत ऐकू जाणारं. मी मनातल्या मनात तिला केकवाली म्हणायला लागले. समोर अर्थात 'वहिनी'.

पहिल्यांदा भेटली तेव्हा ती माझ्या खुर्चीत बसली होती. मला बघताच उठली, पदराने खुर्ची पुसली आणि म्हणाली, "बसा ताई. तुमची जागा हाय ना ही? तुमचे समुद्र बगितले मी सगळे. आमाला नाय जमायचं तसं. आमी आपला केकवर फिरवतो तसा ब्रश फिरवतो."

आता अशा बाईवर रागवायचं तरी कसं? ती तोऱ्यात वागली असती तर मला सोपं गेलं असतं. बरं, ती मला 'ताई' म्हणत होती. मला ताई म्हणणारी एकच आहे आणि ती आत चहा करत होती. मी खुर्चीत बसले, तर खुर्ची गरम होती. तेवढ्यानेही माझा तिळपापड झाला.

मग मी खुसपटं काढायला लागले. तिचा हिरवा जरा जास्त भडक नाही वाटत? रस्ता इतका लाल असतो का? बहीण म्हणायची, "असू दे गं." तिला यातलं काही खुपत नव्हतं. उलट ती पूर्वीपेक्षा भरभर रेघा काढत होती. आठवडाभर समोरचं दार उघडंच, दुपारी दोघी टेबलाशी, आणि रविवारी मी पोचेपर्यंत निम्मी मजा संपलेली. एकदा तर एका गावाचं नावही ठेवून झालं होतं, बिस्कुटपाडा. ते सांगताना बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं इतकी ती हसली. मला ते नाव जराही विनोदी वाटलं नाही. परतताना बसमध्ये ते आठवलं आणि मला खुदकन हसू आलं, तेव्हा तर मी स्वतःवरच चिडले.

शेवटी मी पाण्याचे रंग विकत आणले. बाजारातल्या दुकानदाराने विचारलं, नातवंडांसाठी का? मी हो म्हणाले, मला अजून एकही नातवंड नाही. घरी कुणी नसताना ओट्यावर कागद पसरून मी सराव करायची. सुरुवातीला कागद पापडासारखा फुगला, निळ्याचे डाग पडले, एकदा रंगाचं पाणी कणकेत सांडलं. पण हात बसत गेला. आधी नुसतं पाणी फिरवायचं, मग कडेला रंग सोडायचा आणि तो आपला आपण पसरू द्यायचा, हे जमायला लागलं. भुकटीपेक्षा यात मजा होती, हे मी कुणाला सांगणार नव्हते. मला फक्त एकदा बहिणीच्या तोंडून ऐकायचं होतं, की समुद्र ताईचाच.

तो रविवार आला. समोर हळदीच्या मोठ्या केकची ऑर्डर होती, त्यामुळे केकवाली आपल्या ओव्हनपाशी अडकलेली. टेबलावर नुसती रेघ काढलेली एक कोरी पट्टी होती आणि शेजारी आधीची पट्टी गुंडाळी करून ठेवलेली.

"ती वहिनींची पट्टी आधी बघून घे," बहीण चप्पल घालता घालता म्हणाली. "मग कोरीचं बघू. मी खालून भाजी घेऊन येते, पाच मिनिटांत."

दार बंद झालं. गुंडाळीला मी हात लावला नाही. कशाला लावू? बघायची आणि पुन्हा आतल्या आत जळायचं. शिवाय वेळ कुठे होता? बहीण परत यायच्या आत समुद्र झाला पाहिजे होता. मी पर्समधून ट्यूब काढल्या, वाटीत पाणी घेतलं आणि रेघेच्या डावीकडे ब्रश फिरवला.

असा समुद्र मी पूर्वी कधी केला नव्हता. खडकांपाशी गडद, वाळूपाशी हिरवट, आणि लांबवर निळा इतका पातळ की कागदच चमकत होता. रेघेत एक मोठी खाडी दिसत होती, तिच्यातही मी पाणी खेळवत नेलं. मग उजवीकडे जमीन घेतली. डोंगराचा हिरवा, शेताचा पोपटी. हो, तिच्याचसारखा पोपटी, आणि तो तिच्याहून बरा आला होता. भाजी घेऊन बहीण आली ती पाच मिनिटांत नाहीच, खाली कुणीतरी भेटलं असणार. मी ब्रश धुवून खुर्चीत टेकून बसले होते.

बहिणीने पिशवी खाली ठेवली. पट्टी पाहिली. तिचा चेहरा उजळला आणि लगेच गोंधळला.

"ताई, वहिनींची पट्टी बघितलीस का?"

"राहिली," मी म्हणाले.

तिने गुंडाळी उलगडली आणि माझ्या पट्टीच्या वर ठेवली. मी अजून कौतुकाचीच वाट बघत होते. मग मलाही दिसलं. वरच्या पट्टीत समुद्र डावीकडून सुरू झाला होता, पण पुढे तो तिरका आत शिरून उजवीकडे निघून गेला होता. खाली डावीकडे जमीन होती, पिवळसर, अनोळखी, नारळांच्या ठिपक्यांची. म्हणजे माझ्या पट्टीत डावीकडे जमीन हवी होती आणि उजवीकडे पाणी. मी अख्खी पट्टी उलटी रंगवली होती. जोडावर तिच्या जमिनीखाली माझा समुद्र लागला होता आणि तिच्या समुद्राखाली माझे डोंगर.

"पण समुद्र डावीकडेच असतो," मी म्हणाले. पन्नास वर्षांची बाई मी, पण आवाज रडवेला झाला होता.

"असायचा गं. ही पलीकडची बाजू आहे. वहिनींनी एक दिवस विचारलं, समुद्राच्या पलीकडं काय हाय? मला काही सांगताच येईना. आपण कधी गेलोच नव्हतो ना तिथे. म्हणून मी समुद्र ओलांडला."

लहानपणापासून तो समुद्र मी रंगवत होते. त्याच्या पलीकडे काय आहे, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आणि ही कुठून आली, केकवरच्या क्रीमने भरलेल्या हातांची, आणि तिने काही महिन्यांतच तो विचारला. मला तिचे रंग सहन होत नव्हते, हा प्रश्न तर त्याहून सहन झाला नाही.

नेमकी तेव्हाच ती ॲप्रनला हात पुसत आली. दोन्ही पट्ट्या पाहिल्या आणि खळखळून हसली. "अगं बाय! ताई, तुमी तर समुद्र शेतात घातलात! आमच्याकडं बांध फुटला की असंच व्हायचं, काल भात आन आज पानी!" मग पुढे वाकून तिने माझा निळा नीट बघितला. "पन काय सुंदर केलाय हो. हा असा रंग कसा सोडला? मला दाखवा." तिच्या घरी टायमर वाजला आणि मी काही बोलायच्या आत ती पळत परत गेली.

आता एक पट्टी बाद व्हायला हवी होती. ते सांगायची गरज नव्हती. पाण्याचा रंग खोडरबराने निघत नाही, भुकटी असती तर निघाली असती. माझी पट्टी शेवटची होती आणि चूक माझी होती. ती उचलायची आणि तशीच दुसरी काढायची, विषय संपला. मला ते इतकं स्पष्ट दिसत होतं की मी पर्सची चेन लावायला घेतली. आता सासूबाईंचं औषध आणायचं आहे असं म्हणायचं आणि निघायचं, एवढं ठरवूनही झालं होतं.

बहिणीने जोडावरून एकदा बोट फिरवलं. मग तिने वरची पट्टी उचलली. तिरका समुद्र, पिवळसर किनारा, नारळ, सगळं पुन्हा गुंडाळलं आणि कपाटाच्या वर ठेवलं.

"ही मी परत काढते," ती म्हणाली. "समुद्र डावीकडेच ठेवते. तुझी राहू दे."

माझ्या अंगात असा काही आनंद भरला की काय सांगू. जिंकले! माझा समुद्र होताच इतका चांगला, की त्याच्यासाठी तिने एक अख्खा किनारा सोडून दिला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण रतीभरही वाटलं नाही. आणि मला ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून मी साळसूदपणे विचारलं, "माझी का ठेवलीस?"

बहीण पेन्सिलीला टोक करत होती. तिने वर पाहिलं नाही. रागही नव्हता तिच्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं बोलली.

"तिची बाद केली तर ती संध्याकाळी चहाला येईल. तुझी बाद केली असती तर तू पुढच्या रविवारी आली नसतीस. पुन्हा कधीच आली नसतीस."

'काहीतरीच काय,' असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण चेन लावून झालेली माझी पर्स आम्हा दोघींच्या मध्ये टेबलावर पडली होती.

केकवाली केकच्या कडा कापून उरलेले तुकडे बशीत घेऊन आली. बहिणीने तिला सांगितलं की वहिनी, तुमची पट्टी मी रद्द केलीय, पलीकडचा किनारा सध्या राहू दे. मी केकवालीच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. कुठेतरी काहीतरी दुखलेलं दिसावं, भुवई तरी हलावी, ओठ तरी आवळावेत. माझी तेवढी एकच इच्छा होती.

"बरं," ती म्हणाली. "किनारा काय पलून जातोय? मग कवातरी काढू." तिने बशी माझ्यापुढे सरकवली, पलीकडची खुर्ची ओढली आणि माझ्या ब्रशकडे बोट दाखवून म्हणाली, "हां ताई, आता दाखवा, रंग कसा सोडता?"

मी दाखवलं. वाटीत पाणी घेतलं, कडेला निळा सोडला, तो पसरला. ती लक्ष देऊन बघत होती, तोंडात केकचा तुकडा, मनात काही नाही. तिच्या हिरव्याचा मला हेवा वाटला होता, तिच्या प्रश्नाचा वाटला होता, पण त्या 'बरं'चा वाटला तितका कशाचाच वाटला नाही. तसं 'बरं' मला आयुष्यात एकदाही म्हणता आलेलं नाही, आणि माझ्या बहिणीला ते लहानपणापासून माहीत होतं.